चाकाचे इंच पुरे, रबराचे मिलीमीटर छापा

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात वाहनांचं पान असतं. त्यात नव्या गाड्यांचा तक्ता येतो. किंमत, इंजिन, ॲव्हरेज, एअरबॅग किती, आणि अलीकडं 'चाकं : 17 इंच', 'चाकं : 18 इंच'. गेल्या रविवारी एका गाडीच्या 'जमेच्या बाजू'त पहिलीच ओळ होती, 'रुबाबदार 18 इंची चाकं'. आणि खाली 'उणिवा'त लिहिलं होतं, 'खराब रस्त्यावर मागच्या सीटला हादरे जाणवतात'. या दोन्ही ओळी एकाच वस्तूबद्दल आहेत, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण आकडे कापू नका.

मी 1979 साली एसटीच्या कराड आगारात हेल्पर म्हणून लागलो आणि 2015 साली टायर विभागातून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं हाताला रबराचा वास. आता मलकापुरात मुलाचं टायरचं दुकान आहे. पंक्चर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं होतं. मी सकाळी दहा ते एक तिथं खुर्ची टाकून बसतो. मुलाचं म्हणणं, मी गिऱ्हाइकं घालवतो, कारण नवा टायर घ्यायला आलेल्या माणसाच्या जुन्या टायरची मी वाकून नक्षी बघतो आणि त्याला 'अजून सहा महिने चालंल की' म्हणतो. ते असो.

आधी हे इंच कशाचे ते सांगतो, कारण दहातल्या आठ गिऱ्हाइकांना ते ठाऊक नसतं. टायरच्या अंगावर आकडे असतात, उदाहरणार्थ 185/65 R15. यातला 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. 65 म्हणजे त्या रुंदीच्या 65 टक्के एवढी टायरची बाजूची उंची. धंद्यात तिला साइडवॉल म्हणतात, मी आपला गाल म्हणतो. R म्हणजे रेडियल. आणि शेवटचे 15 हे रिमच्या व्यासाचे इंच. एकाच ओळीत मिलीमीटर, टक्के आणि इंच! एवढा तिरपागडा हिशेब तलाठ्याच्या दप्तरातसुद्धा सापडायचा नाही. तुम्ही तक्त्यात छापता तो फक्त शेवटचा आकडा. त्यावरून धातू किती ते कळतं, रबर किती ते कळत नाही. आणि खड्ड्यात आधी उतरतं ते रबर.

मारुतीची स्विफ्ट घ्या. खालच्या, स्वस्त प्रकारांना 165/80 R14 टायर येतो, वरच्या, महागड्यांना 185/65 R15. लोक म्हणतात, वरच्या गाडीचं चाक मोठं. पाटी-पेन्सिल घेऊन बसा. पहिल्याचा गाल 132 मिलीमीटर, पूर्ण चाकाची उंची 620. दुसऱ्याचा गाल 120, पूर्ण उंची 621 ते 622. म्हणजे जमिनीपासून मापलं तर चाक जवळपास तेवढंच आहे, दीड-दोन मिलीमीटरचा फरक. रिम इंचानं वाढली आणि रबर बारा मिलीमीटरनं घटलं. 'मोठं चाक' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा असं असतं. भाकरी तेवढीच, तवा मोठा.

याच्या पलीकडचं टोक आमच्या एसटीचं. एसटीला आम्ही 9.00-20 टायर चढवायचो. रिम 20 इंची आणि टायरसकट चाक मीटरभर उंच, गाल पंचवीस सेंटीमीटरचा. त्या रिमला लॉक रिंग असायची, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी. हवा भरताना ती नीट बसली नाही तर उडायची, आणि उडाली की माणूस जायचा. म्हणून आम्ही चाक उलटं करून, लांब उभं राहून हवा मारायचो. आज कारला 20 इंची रिम यायला लागली आहे. महिंद्राच्या एक्सईव्ही 9ई या इलेक्ट्रिक गाडीला 245/50 R20 असा टायर मिळतो. पूर्ण चाक 753 मिलीमीटर, गाल बारा सेंटीमीटर. रिम एसटीएवढी आणि गाल एसटीच्या निम्म्याहून कमी. मला पहिल्यांदा नातीनं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा वाटलं, पोरीनं कुठल्या तरी खेळण्याचं चित्र आणलंय.

मोठं चाक वाईट असतं असं मी म्हणत नाही. मोठ्या चाकाच्या घरात मी वाढलो. वडील सुतार होते, बैलगाडीची चाकं करायचे. मधोमध बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात आरे, वर पाटे म्हणजे गोलाईचे लाकडी तुकडे आणि त्यावर तापवून घातलेली लोखंडाची धाव. धाव बसवायच्या दिवशी गोवऱ्यांचा जाळ करायचे, लालबुंद धाव चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायचे आणि लगेच पाणी ओतायचे. आम्ही पोरं वाफेत नाचायचो. ते चाक पाच फुटांचं असायचं. वडील म्हणायचे, 'थोर चाकाला खड्डा कळत नाही.' लहानपणी ते मला नुसतं बोलणं वाटायचं.

परवा दुकानाच्या फरशीवर ते मी काढून बघितलं. सुतळीला खडू बांधला आणि गोल मारले. समजा रस्त्यात तीस सेंटीमीटर लांबीचा, खोल, सरळ कडेचा खड्डा आहे. मारुती 800 चं चाक, 145/70 R12, उंची 508 मिलीमीटर, ते त्या खड्ड्यात जवळपास पाच सेंटीमीटर उतरतं. स्विफ्टचं चार सेंटीमीटरला थोडं कमी. त्या 20 इंची महिंद्राचं तीन. एसटीचं सव्वादोन. आणि वडिलांच्या बैलगाडीचं दीड सेंटीमीटर. वडील बरोबर होते, फक्त त्यांनी खडू घेतला नव्हता. म्हणून ज्या गाडीचं पूर्ण चाक उंच आहे, ती आपल्याकडच्या रस्त्यावर खरंच सुखानं जाते. गाडीचं पोटही जमिनीपासून थोडं उचलतं. हा फायदा खरा आहे आणि तो मी दहा वेळा मान्य करीन. पण तो फायदा पूर्ण चाकाचा आहे, रिमचा नाही.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजूही मी घरातच बघितली. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या ऊस वाहतुकीला टायरगाड्या आल्या. चाक लाकडी गाडीच्या निम्म्याएवढं, पण हवा भरलेलं. जीपचा नाहीतर ट्रकचा जुना टायर. डांबरी रस्त्यावर तीच बैलजोडी दुप्पट ऊस ओढायला लागली आणि बैलांच्या मानेला हादरे बसायचे थांबले. वडिलांचा धंदा त्या लहान चाकानं बसवला. तेव्हा उंचीचा फायदा एकीकडं आणि हवेचा फायदा दुसरीकडं. कारमध्ये दोन्ही हवेत. रिम मोठी करून पूर्ण चाक तेवढंच ठेवलं तर उंची मिळत नाही आणि हवा मात्र कमी होते.

गंमत अशी, की मोटारीची चाकं एकदा लहान होऊन आता परत मोठी व्हायला लागली आहेत. ॲम्बेसिडरला 15 इंची रिम होती, फियाटला 14. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली ती 12 इंची घेऊन, आणि तेव्हा ती प्रगती होती. चाक लहान म्हणजे चाकाची कमान लहान, म्हणजे आत बसायला जागा जास्त. नात इथल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. ती सांगते की विलायतेत 1959 साली मिनी नावाची गाडी निघाली तिला तर फक्त 10 इंची चाकं होती, त्याच कारणासाठी. पुढं टाटांची नॅनोही 12 इंचीवरच आली. मी आगारात लागलो तेव्हा साहेबांच्या ॲम्बेसिडरचं चाक बदलायला दोघं लागायचे. मारुतीचं चाक मी एका हातानं उचलायचो.

आता माझ्या जावयांची हकिगत. ते साताऱ्याला बँकेत आहेत, शांत माणूस, गाडी जपून चालवणारे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली, कुठली ते लिहीत नाही. खालच्या प्रकाराला 185/65 R15 होता, वरच्याला 195/55 R16 आणि झगझगीत मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमची रिम. शोरूममधल्या मुलानं सांगितलं, 'सर, सिक्स्टीनला लूकच वेगळा.' लूक वेगळा होता हे खरं. पूर्ण चाकाची उंची दोन्हीकडं सारखीच, 621. फरक गालात, 120 च्या जागी 107.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला ते पोरीला घेऊन येत होते. आमच्याकडं हायवेचं सहापदरीकरण चाललंय. जागोजागी वळवलेला रस्ता, सेवा रस्ता, पुन्हा हायवे. उंब्रजच्या अलीकडं रात्री नऊच्या सुमारास डावीकडची दोन्ही चाकं एका कडेदार खड्ड्यात आपटली. पुढच्या टायरच्या गालाला चार बोटं कट आणि रिमचा ओठ तुटला. मागच्या टायरला लिंबाएवढा फुगा. फुगा येतो तो असा : रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये गाल चेंगरतो आणि आतले धागे तुटतात. मग तिथं नुसतं रबर हवा धरून राहतं. असा टायर घेऊन हायवेवर जाणं म्हणजे खिशात सुतळी बॉम्ब ठेवणं. कट आणि फुगा या दोहोंना पंक्चरचा इलाज चालत नाही, टायर बदलायचा एवढंच.

फोन आला. 'मामा, खड्डा दिसलाच नाही हो.'

म्हटलं, 'पाव्हणं, दिसला असता तर तो खड्डा कसला? स्टेपनी काढा.'

स्टेपनी निघाली ती चाकांच्या मापाचीच नव्हती. लहान रिम, पातळ टायर आणि वर पिवळा कागद चिकटवलेला, ताशी 80 च्या वर जाऊ नये. आणि ती होती एक, गेलेले टायर दोन. गाडी क्रेनवर घालून मलकापुरात आणली. 195/55 R16 त्या दिवशी कराडात कुणाकडं नव्हता. दिवाळीची दुकानं बंद. कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. 15 इंचीचे आमच्याच दुकानात सहा पडून होते. भाऊबीज दोन दिवस चालली. पोरगी खूश होती, जावई नव्हते. दोन टायर आणि एक मॅगव्हील मिळून जो खर्च आला त्यात 15 इंचीचे चारही टायर नवे आले असते. लोखंडी रिम असती तर ती आम्ही हातोड्यानं सरळ केली असती. लोखंड वाकतं, मॅगव्हील तडकतं. तडकलेलं मॅगव्हील वेल्डिंग करून देणारे लोक आहेत. मुलाला मी ते काम दुकानात करू देत नाही.

पण जावई बँकेतले, दोन्ही खाती बघणारे. म्हणाले, 'मामा, तुम्ही नुसता खर्च मांडताय. एकदा घाटात चालवून बघा, मग बोला.' पुढच्या महिन्यात चिपळूणला लग्न होतं. कुंभार्ली घाटात स्टेअरिंग माझ्या हातात दिलं. आणि खोटं कशाला बोलू, गाडी घाटात सुतासारखी वळली. मुलाची 14 इंचीवाली गाडी वळणावर आधी कलते, मग वळते. स्टेअरिंग फिरवल्यावर गाल दबतो, त्याला मुरडायला वेळ लागतो, आणि मग कुठं गाडीला निरोप पोचतो. आखूड गालाच्या टायरमध्ये हा निरोप लगेच जातो. रुंद टायर असल्यामुळं उतारावर ब्रेक लावल्यावर पकड जास्त वाटली. शिवाय मोठ्या रिमच्या आत मोठी ब्रेक डिस्क बसते. ताकदीच्या, वजनदार गाड्यांना ती लागतेच. तिथं मोठी रिम हा नुसता नखरा नसतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मुभा आहे. त्या वेगाला गाडी सरळ रेषेत धरून ठेवणारा टायर हवाच. जावयांना मी घाट उतरल्यावर म्हणालो, 'पाव्हणं, ह्या सत्तर वळणांपुरतं तुमचं बरोबर.' ते म्हणाले, 'आणि बाकी?' मी म्हणालो, 'बाकी साताऱ्यातनं कराडला यायला वळणं किती आहेत ते सांगा.'

दुसरा एक मुद्दा आहे वजनाचा. लोकांची समजूत अशी, की मॅगव्हील म्हणजे हलकं. त्याच मापाचं असेल तर बऱ्याचदा असतंही. पण माप वाढलं की ते वजन परत येतं, व्याजासकट. दुकानात धान्याचा काटा आहे, त्यावर मी चाकं ठेवून बघितली. 15 इंची लोखंडी रिम 185/65 टायरसकट सोळा किलोच्या आतबाहेर. एका पोरानं बाहेरून बसवून आणलेलं 17 इंची मॅगव्हील 205/45 टायरसकट वीसला टेकलं. चाकामागं चार किलो. आणि हे वजन डिकीत ठेवलेल्या पोत्यासारखं नव्हे. ते फिरतं आणि स्प्रिंगच्या खाली असतं. दळायचं जातं आठवा. पाळं जड आणि मोठं असेल तर सुरुवातीचा फेरा ओढायला आणि फिरतं जातं थांबवायला दोन्हीला जोर लागतो. सिग्नलला थांबत-निघत जाणाऱ्या गाडीत हा जोर पेट्रोलमधून येतो. पिकअप मंदावतो, ॲव्हरेज घसरतं. आणि खड्ड्यावरून जाताना एवढं जड चाक वर उसळलं की त्याला खाली आणता आणता शॉकअप दमतात. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बेअरिंग, सगळ्यांचं आयुष्य त्यात जातं. मुलाचा धंदा चालतो हे खरं. तक्रार करायची म्हणजे मी घरचं खाऊन बाहेरचं बोलतोय.

बाहेरून बसवणाऱ्या पोरांबद्दल दोन शब्द. एक जण 13 इंचीची छोटी गाडी घेऊन आला. मूळ टायर 155/80 R13, पूर्ण उंची 578. त्यानं कुठूनतरी 185/60 R15 बसवलेले, उंची 603. चार टक्क्यांनी चाक मोठं झालं. वेगाचा काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 104 नं चाललेली असते. शंभर किलोमीटर चालवली तर मीटरवर 96 पडतात. हा पोरगा मला सांगत होता, 'आबा, टायर बदलल्यापासून ॲव्हरेज लई पडलं.' अर्ध पडलं ते खरं, अर्ध मीटरनं खाल्लं. शिवाय मागं तिघं बसले आणि गाडी वळवली की टायर मडगार्डला घासतो. आतल्या बाजूला कट बसलेले मी त्याला दाखवले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल देताना सांगितलंय, की कंपनीनं केलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. त्याला हे सांगितल्यावर म्हणाला, 'पण आबा, भरलेली दिसते ना गाडी?' दिसते. नाही कुठं म्हणतोय.

ज्यांना खालच्या प्रकारावरून एक पायरी चढायची हौसच आहे त्यांना मी सांगतो, त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते तेच घ्या, त्याच्या पुढं जाऊ नका. दाराच्या चौकटीवर हवेचा आणि मापाचा कागद चिकटवलेला असतो, तो वाचा. आणि आखूड गालाच्या टायरात हवा कमी ठेवू नका. 'मऊ बसतं' म्हणून लोक 26 वर ठेवतात आणि मग रिम वाकली की दुकानदाराशी भांडतात. जिथं रबरच बारा सेंटीमीटरच्या आत आहे तिथं रिम वाचवते ती हवाच.

आता स्टेपनी. जुलै 2020 मध्ये केंद्राच्या नियमात बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल तर लहान प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा हवी, वजन वाचवायला हवं, हे मला समजतं. पण मोठी रिम आणि आखूड गाल दिल्यावर टायर खिळ्यानं कमी आणि कटानं जास्त जायला लागतो. खिळ्याला किट चालतं. कटाला चालत नाही. कुंभार्ली घाटात रात्री दहा वाजता ते किट हातात घेऊन उभा राहिलेला माणूस मी स्वतः बघितलाय. बाटलीतला सगळा पांढरा रस त्यानं टायरमध्ये भरला होता आणि तो गालातून जसाच्या तसा रस्त्यावर येत होता. त्याच्या बायकोनं विचारलं, 'काका, आता?' मी काय सांगणार? पोफळीपर्यंत त्यांना आमच्या गाडीतून नेलं.

इलेक्ट्रिकवाल्यांचं एक मात्र मान्य. बॅटरीमुळं गाडी जड, म्हणून टायरला भार पेलायची ताकद जास्त लागते, त्यासाठी चाक थोरलं करावं लागतं. पण तिथंसुद्धा थोरलं म्हणजे रुंद आणि आखूडच हवं असं नाही. नातीनं मला बीएमडब्ल्यूच्या आय3 गाडीचं माप दाखवलं, 155/70 R19. मी तिला दोनदा वाचायला लावलं. एकोणीस इंची रिम आणि रुंदी 155, आपल्या वॅगनआर एवढी! गाल 108, पूर्ण उंची जवळपास सातशे. सायकलीसारखं उंच आणि अरुंद. रस्त्यावर लोळायला जोर कमी लागावा म्हणून मुद्दाम तसं केलेलं. बघितल्याबरोबर मला आमच्या घरची बैलगाडी आठवली. जर्मन लोकांनी आमच्या म्हाताऱ्याचं ऐकलं म्हणायचं.

एकाच गाडीत माप कसं चढत गेलं हे बघायचं तर टाटांची हॅरियर बघा. 2019 साली आली तेव्हा खालच्या प्रकाराला 235/70 R16 होता, गाल 164 मिलीमीटर. मग 235/65 R17, गाल 153. मग 235/60 R18, गाल 141. 2023 च्या बदलानंतर सगळ्यात वरच्याला 245/55 R19, गाल 135. सोळाचे एकोणीस झाले आणि तीन सेंटीमीटर रबर गेलं. तरीही ते 135 उरलं, कारण गाडीच थोर आहे, पूर्ण चाक 752 आहे. आता त्याच्या शेजारी होंडा सिटी ठेवा. तिची रिम तीन इंचांनी लहान, 185/55 R16. गाल 102. तुमच्या तक्त्यात हॅरियरसमोर 19 छापलं जाईल आणि सिटीसमोर 16, आणि वाचणारा म्हणेल, 16 इंची म्हणजे रबर भरपूर असणार. खरं उलटंय. याउलट ह्युंदाई क्रेटाचं बघा. 205/65 R16 वरून 215/60 R17 ला गेलं तर गाल 133 चा 129, म्हणजे चारच मिलीमीटर गेले आणि पूर्ण चाक 17 मिलीमीटरनं उंच झालं. ही वाढ मला पटते. इथं इंच वाढले ते कामी आले.

तेव्हा विनंती अशी, की आपल्या तक्त्यातला 'चाकं : इंच' हा रकाना काढू नका, पण त्याला लागून तीन रकाने वाढवा. एक, टायरच्या गालाची उंची मिलीमीटरमध्ये. ती कंपनीला विचारावी लागत नाही. रुंदीला टक्क्यांनी गुणा आणि शंभरानं भागा, चौथीतलं पोर काढील. दोन, पूर्ण चाकाची उंची. रिमचे इंच गुणिले 25.4, त्यात गाल दोनदा मिळवा. तीन, स्टेपनी आहे का, असेल तर चाकांच्याच मापाची आहे का. जागा कमी पडत असेल तर गाडीच्या छताला काच आहे का, हा रकाना काढा. मागच्या चार महिन्यांत काच फुटली म्हणून आमच्याकडं कुणी आलं नाही.

खालचा आणि वरचा प्रकार असे दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी द्या. आत्ता तुम्ही फक्त वरच्या प्रकाराचे देता, कारण कंपनी चाचणीला तोच पाठवते. पण आमच्या दुकानात येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांची गाडी खालच्या नाहीतर मधल्या प्रकारातली असते. त्यांना वाटत राहतं की आपली चाकं कमी प्रतीची आहेत. परवा एक शिक्षक स्विफ्टचे चांगले 14 इंची काढून 16 बसवायला आले होते. मी त्यांना खडूचे गोल दाखवले. अर्धा तास बसले, चहा प्याले आणि नुसती अलाइनमेंट करून गेले. मुलगा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

गेल्या रविवारच्या तक्त्यातल्या सहाही गाड्यांचा हिशेब मी वेगळ्या कागदावर करून सोबत जोडला आहे. पेन्सिलीनं आहे. चौथ्या गाडीचं टायरचं माप तुमच्या पानावर 215/60 R18 असं छापलंय. मला ते 225/60 R18 असावं असं वाटतं, नाहीतर त्या गाडीच्या वजनाला तो टायर पुरणार नाही. तेवढं कंपनीकडून तपासून घ्यावं आणि चूक असेल तर दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त एसटी कामगार
मलकापूर, ता. कराड, जि. सातारा
(नाव व दुकानाचा पत्ता छापू नये, मुलाची विनंती आहे.)